लायब्ररीतला फोटो
कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि माझं डोकं आजही फिरतं. लंडनमधल्या क्रॉयडनच्या आमच्या लायब्ररीत एक फोटोग्राफर आला होता. म्हणे, इथल्या लोकांना बरोबर घेऊन त्यांचे फोटो काढायचे. सासूबाईंनी बॅगेच्या तळातली, डांबरगोळ्यांचा वास येणारी जांभळी पैठणी काढली, केस चापूनचोपून बसवले, आणि खुर्चीत ताठ बसून मला म्हणाल्या, "त्याला सांग, पाय कापू नकोस म्हणावं." त्याने हसत चार फोटो काढले. मग चहा आला. बिस्किटाचा कण कवळीखाली अडकला म्हणून त्यांनी जरा बाजूला वळून कवळी काढली, आणि तेवढ्यात पुन्हा क्लिक झालं. पुढे लायब्ररीतच भरलेल्या त्याच्या प्रदर्शनात पैठणीतल्या त्या ताठ बाई कुठेच नव्हत्या. दारासमोरच्या भिंतीवर, माणसाएवढं मोठं, त्यांचं बोळकं तोंड होतं. "सो ऑनेस्ट, ना?" तो म्हणाला. "मग तुझ्या आईचा लाव असा!" मी सगळ्यांसमोर ओरडले. फोटो आत्ताच्या आत्ता उतरव म्हटलं, तर त्याने शांतपणे संमतीचा फॉर्म पुढे केला. खाली सासूबाईंची वळणदार मराठी सही. त्या तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अगं, पण यात लिहिलं काय होतं?" त्या पुन्हा लायब्ररीत गेल्या नाहीत. त्या माणसाला मी अजून शिव्या घालते. पण "अहो आई, नुसती फॉर्मॅलिटी आहे, करा सही," असं म्हणून, न वाचलेल्या त्या कागदावर सहीची जागा मीच बोटाने दाखवली होती.