मिश्रीवाल्या बाई

तंबाखू सोडवायला सरकारने नेमलेल्या बाई त्या, पण पहिल्या भेटीत 'सोडा' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघायचा नाही. मिश्री लावत बसलेल्या बाईच्या शेजारी त्या जाऊन बसायच्या आणि गप्प राहायच्या. समोरची थुंकून, चूळ भरून मोकळी झाली की मग हळूच विचारायच्या, "काय म्हणता, मावशी?" तालुक्याच्या दवाखान्यात त्यांचं पद 'समुपदेशक' असं भारदस्त होतं. ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून लोकांनी त्यांना मिश्रीवाल्या बाई करून टाकलं. जी वस्तू सोडवायची तिचंच नाव चिकटलं, याचं त्यांना हसू यायचं.

त्याच दवाखान्याचं स्टोअर माझ्याकडे होतं. औषधं कमी आणि जाहिरातीचं सामान जास्त, असे ते दिवस. जनजागृतीचा निधी मार्चच्या आत संपवायचा, म्हणून फ्लेक्स छापून यायचे. सडलेल्या जबड्याचा फोटो आणि खाली ठळक इशारा. ते गावोगाव पोचवायला मी मोटारसायकलवर निघायचो, मागे बाई. दुष्काळाचं साल होतं. आमच्या गावच्या सोसायटीने माळावर चारा छावणी उघडली होती, आणि माझी माय नि आबा दोन बैल, एक गाय घेऊन तिथेच ताडपत्रीखाली राहत होते. लावलेला फ्लेक्स बघायला गेलो, तर त्याचं वासरांवर छप्पर झालेलं! जबडा बघून वासरं बुजतील म्हणून तो उलटा बांधला होता. मी चिडलो. बाई म्हणाल्या, "असू द्या की. सावली तर पडली त्याची."

बाईंना छावणीत नेण्यात माझा स्वार्थ होता. मायच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला होता. बीडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की मिश्री सुटली तर बरं, नाहीतर हे दुखणं कुठवर जाईल सांगता येत नाही. मी विनवून झालो, रागावून झालो, डबी उकिरड्यावर फेकून झालो. दुसऱ्या दिवशी माय पुन्हा तव्यावर तंबाखू भाजायला बसायची. आईला डोळ्यांदेखत जाताना बघावं लागणार, या धास्तीने मी बाईंना गळ घातली.

बाई काही दिवस सकाळच्या तिच्याशेजारी नुसत्या बसल्या. मग एकदा म्हणाल्या, "मावशी, आमच्या परळीत थर्मलच्या चिमणीतनं अशी राख फुकट उडती. तुमी ती दाताला कशापायी लावता?" माय खळखळून हसली, थुंकली, आणि पोटच्या पोराला जे कधी सांगितलं नव्हतं ते त्या परक्या बाईला सांगून बसली. "तेवढंच टेकणं हाय, बाई. तोंडात हाय म्हणलं की कुणी हाक मारीत न्हाई. चूळ भरली की हायेच मग पाणी, शेण, भाकरी."

खरंच होतं ते. आमच्याकडे घरातल्या बाईला लहान-थोर कुणीही हाक मारतं. पण "तिच्या तोंडात हाय" असं कुणी म्हटलं की हाक मारणारा थांबतो. जिला 'हो' म्हणता येत नाही तिला काम काय सांगणार! मायची दिवसभरातली सुट्टी ती तेवढीच होती, आणि मी तीच उकिरड्यावर फेकत होतो.

बाई उठल्या आणि तडक आबांकडे गेल्या. "मामा, औषध तुमच्याकडं हाय. उद्यापासून मावशी सकाळच्या अशाच बसतील. तोंड रिकामं असंल, पण हाक मारायची न्हाई."

आबा उखडले. "म्हंजी मिश्री हिनं लावायची अन् पथ्य म्या पाळायचं व्हय?"

"व्हय," बाई शांतपणे म्हणाल्या.

छावणीभर हसू पिकलं. आबांनी बाईंशी बोलणं टाकलं, पण मायला हाक मारणंही टाकलं. मायचे सुरुवातीला हाल झाले. डोकं धरायचं, उगाच बैलांवर ओरडायची, एकदा तर शेजारणीची डबी मागून लावलीसुद्धा. बाईंनी त्याचा बभ्रा केला नाही. "पडलेलं माणूस उठतंच की," एवढंच म्हणाल्या.

मार्च सरला आणि बाईंच्या पदाला मुदतवाढ नाही असा आदेश आला. जाहिरातीचा निधी मात्र पुढच्या सालासाठी मंजूर होता. मी दवाखान्याच्या साहेबांकडे भांडायला गेलो. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "अरे, फ्लेक्स लावला की फोटो जोडता येतो. बाई शेजारी गप्प बसली, याचा फोटो काय पाठवू वर?" त्याचा राग अजून गेलेला नाही.

निरोप घ्यायला बाई छावणीत आल्या. माय त्यांचा हात सोडेना. "आता मला कोण इचारील, बाई?"

"न्हाई इचारलं कुणी तरी चालंल. बसायचं सोडू नका, मावशी."

मी त्यांना परळीच्या एसटीत बसवून दिलं. नंतर त्यांची भेट झाली नाही. पुढे कधीतरी बीडच्या डॉक्टरांनी मायचा गाल तपासला, चट्टा विरल्याचं सांगितलं, आणि मी त्यांच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो. बाईंना कळवायला हवं होतं, पण पत्ता कुणाकडेच नव्हता.

माय आता थकली आहे. मिश्री सुटून वर्षं लोटली, पण अजून सकाळी ओट्यावर येऊन बसते. हात मांडीवर, तोंड मिटलेलं, नजर समोरच्या लिंबावर. परवा शेजारची सून वाटी घेऊन आली आणि दारातूनच ओरडली, "आत्याबाई, विरजण हाय का?"

आबा चुलीवर चहा ठेवत होते. ते लगबगीने बाहेर आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "थांब जरा, पोरी. तिच्या तोंडात हाय."