वरच्या दहा कांड्या

मध्य भारत नावाचं राज्य होतं, तेव्हा मी इंदूरच्या एका कापड गिरणीत कांड्या भरायचे, म्हणजे यंत्रावर कांडीला सूत गुंडाळायचे. चौथी पास होते आणि घरात कमावणारी एकटीच होते.

आमच्या खात्यात एक रीत होती. सूत कच्चं निघालं की कांडी सैल बसायची. ती आम्ही लपवत नसू. टोपली भरली की अशा कांड्या सगळ्यात वर ठेवायचो. विणकर त्या आधीच बाजूला काढी, मग मागावर धागा तुटत नसे.

पुढे नवा साहेब आला. त्याने नियम काढला: प्रत्येक टोपलीतल्या दहा कांड्या तपासायच्या, त्यावरून शेकडा किती खराब ते धरायचं, आणि आकडा दहाच्या वर गेला की बाई कामावरून बंद. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या टोपलीतल्या वरच्या दहा उचलल्या. चार सैल.

"शेकडा चाळीस," तो म्हणाला. "बाई, उद्यापासून येऊ नका, बस."

"शेकडा मलाही येतो. टोपलीत शंभर आहेत, सगळ्या मोजा."

"इतका टाइम कुणाला आहे?"

"मला आहे. आत्ताच कामातून रिकामी केलीत ना तुम्ही."

बायका फिसकन हसल्या. आमच्यावरचा मुकादम माझ्या कानाशी आला. "वहिनी, जाने दो ना. पाया पडा साहेबांच्या, ठेवून घेतील."

"पाया कशाला पडू? मी काय चोरी केली?" मी टोपली फरशीवर उपडी केली. "साहेब, राजवाड्यासमोरची बोरंवाली चांगली बोरं वर ठेवते. आम्ही खराब कांड्या वर ठेवतो. नुसतं वरचं बघाल तर तिथेही फसाल, इथेही फसाल."

तो चिडला. पण सगळ्या खात्याचे हात थांबले होते, सगळ्या बायका बघत होत्या. शेवटी उकिडवा बसला आणि मोजायला लागला. उरलेल्या नव्वदांत एकच सैल निघाली. शंभरात पाच.

कामावर राहा, असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. जाऊन यंत्रापाशी उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मुकादम समजावत होता, "वहिनी, आता खराब कांड्या खाली दाबत जा. मुसीबत कशाला?"

मी त्या वरच ठेवल्या. साहेब आला. माझ्याकडे पाहिलं, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात टोपलीत घातला.