डाव्या बटणातली सुपारी

तुम्ही ज्या यंत्रासमोर रोज बसता, त्याला तुमचं बोट आणि पत्रा यांतला फरक कळतो का?

आमच्या कारखान्यातल्या जुन्या प्रेसला कळत नव्हता. पायाखाली पेडल होतं. पेडल दाबलं की वरचा साचा खाली यायचा. खाली पत्रा आहे की पंजा, याच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हतं. माझ्या थोरल्या भावाच्या आधी त्या प्रेसवर जो गडी होता, त्याला सगळे ‘साडेआठ’ म्हणायचे, कारण त्याची तेवढीच बोटं उरली होती. तो स्वतःही हसायचा. पुढे त्याला गेटवर बसवलं आणि त्याच्या स्टुलावर दादा आला. आमचं दापोडीचं घर दादाच्या दोन हातांवर चालायचं.

मी त्याच कारखान्यात पॅकिंगला होतो, पण माझं खरं काम पत्रकं लिहिणं. वडील पुण्याच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. वाया गेलेले कागद ते घरी आणायचे आणि आई त्यांवर पापड वाळत घालायची. बाकीची पोरं बाराखडी घोकत होती तेव्हा मी पापडाखालचं ‘बंधूंनो, जागे व्हा’ वाचत होतो. प्रेसवर जाणाऱ्या बोटांबद्दल मी दोन वर्षं लिहिलं. लोक पत्रक घ्यायचे, घडी घालायचे आणि त्यात भजी बांधून न्यायचे.

मग दादाच्या स्टुलापुढे नवी प्रेस आली, आणि तिच्याबरोबर कोकणातला तो वायरमन. माझ्याच वयाचा. केसांना तेल, पायात पंपशू, तोंडात सतत शीळ. नव्या प्रेसला पेडल नव्हतंच. डावीकडे एक बटण, उजवीकडे एक. दोन्ही एकदम दाबली तरच साचा खाली यायचा. म्हणजे साचा उतरताना दोन्ही हात बटणांवर, पत्र्यापासून लांब. वायरमननं हे सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाला, “हिला मी एकच गोष्ट शिकवलीय. माणसाला चावायचं नाही.”

खात्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पत्रकांना कधी कुणी वाजवल्या नव्हत्या.

दादा तर त्याच्यावर भाळलाच. रविवारी त्याला जेवायला घेऊन आला. वहिनीनं पिठलं केलं, आणि दादानं त्याला माझ्या पाटावर बसवलं. जेवताना तो सांगत होता की एका मासिकात त्यानं वाचलंय, परदेशात यंत्रमानव करताहेत, हातपायवाले.

“तेही चावणार नाहीत?” वहिनीनं विचारलं.

“शिकवलं तर नाही चावणार, वहिनी. आत तशी वायरच टाकायची.”

मी हातातला घास ताटात परत ठेवला. “लोखंडाला नीती शिकवणार तुम्ही?”

“माणसांना तू शिकवतोयसच की,” तो म्हणाला. “किती शिकली?”

दादा पोट धरून हसला. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

खंडेनवमी आली. सगळी यंत्रं धुऊन झेंडूच्या माळा घातल्या. पूजेचा मान पिंपरी गावठाणातल्या एका आबांचा होता. खात्यात सगळ्यांत जुने तेच. नव्या प्रेसवर गणपतीची सुपारी ठेवायची, पण ती घरंगळून खाली पडत होती. डाव्या बटणाभोवती एक उंच कडं होतं, चुकून धक्का लागू नये म्हणून. आबांनी सुपारी त्या कड्यात ठेवली आणि अंगठ्यानं दाबली. ती जी घट्ट बसली ती बसलीच.

दसरा झाल्यावर काम सुरू झालं, तेव्हा दादाच्या लक्षात आलं की डावं बटण आता कायम दाबलेलं आहे. उजव्या हातानं एक बटण दाबायचं आणि डाव्यानं पत्रा सरकवायचा. काम भराभर होऊ लागलं. मजुरी सगळ्या खात्याला मिळून नगावर, त्यामुळे सगळे खूश.

“दादा, काढ ती,” मी म्हणालो.

“वेडा आहेस का? देवाची आहे.”

आबांकडे गेलो. “हात लावू नगंस,” ते म्हणाले. “देवानंच सोय केलीया. तुझ्या कागदानं केली व्हती का कवा?”

सुपरवायझरनंही पाहिलं, हात जोडले आणि पुढे गेला. दुसरं काहीही तिथं खुपसलं असतं तर त्यानं काढायला लावलं असतं. सुपारीला कोण हात लावणार? त्या तेलकट केसांच्या पोराची हुशारी एका सुपारीनं हरवली, या विचारानं मी दोन दिवस चक्क मजेत होतो.

तिसऱ्या दिवशी वहिनी नळावर कपडे धुता धुता थांबली. दादाच्या सदऱ्याच्या डाव्या बाहीला वाटोळं भोक होतं. फाटलेलं नव्हे, साच्यानं पाडलेलं, पत्र्याला पडतं तसंच स्वच्छ. दादा म्हणाला, “बाहीच गेली ना? हात आहे की.” वहिनीनं ते भोक आपल्या मनगटाशी धरून पाहिलं.

मी बसून चार पानांचं पत्रक लिहिलं. श्रद्धा, नफा, मालक, सगळ्यांना झोडपलं. आमच्या शिफ्टला गेटवर वाटलं. आबांनी माझ्यासमोर त्यावर तंबाखू चोळली.

वायरमनला बाहीबद्दल दादाकडूनच कळलं. तो आला, त्यानं सुपारीला नमस्कार केला, तिला बोटही लावलं नाही. प्रेसच्या पाठीमागची पेटी उघडली आणि आतल्या वायरी बदलल्या. आता प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही बटणांवरचा दाब उठल्याशिवाय प्रेस हलणारच नव्हती. दादानं उजवं बटण दाबलं. प्रेस गप्प. पुन्हा दाबलं. गप्प. शेवटी आबाच पुढे झाले, सुपारी उकरून काढली, कपाळाला लावली आणि खिडकीतल्या कोनाड्यात नेऊन ठेवली.

“बाहेर काढायचीच व्हती मला,” ते म्हणाले. “तिथं गरम व्हतंय देवाला.”

सगळे हसले. मी चार पानं लिहिली होती. तो एक शब्द बोलला नव्हता.

पण काम मंदावलं. लोक कुरकुरू लागले, “दोन्ही हात बटणांवर, मग पत्रा काय सासू सरकवणार?” कुरकुर ऑफिसात पोचली. तिथून वायरमनला हुकूम आला की पेटीतली डाव्या बटणाची वायर काढ, प्रेस उजव्या एकट्यावर चालू दे. संध्याकाळी तो मला शोधत चहाच्या हॉटेलात आला. पहिल्यांदाच त्याची शीळ बंद होती.

“मी नाही म्हणालो,” तो म्हणाला. “उद्या दुसऱ्याकडून करून घेतील. मशीनला शिकवलं रे मी. ऑफिसला कसं शिकवू? तिथं कुठली वायर जोडायची?”

मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. तो माझ्याकडे आला होता. पण त्याच्या डोळ्यांत दादाच्या हातांची काळजी माझ्यापेक्षा जास्त दिसली, आणि ती मला सोसवेना. तरी लिहिलं. या वेळी दोनच ओळी: एका बटणावर प्रेस चालली, तर स्टुलावरून उठा. नगाचा दर वाढवून मागा, बोटं देऊ नका.

दुसऱ्या दिवशी दादा प्रेससमोर बसला. डावा हात खिशात घालून त्यानं उजवं बटण दाबलं. साचा धाडकन खाली आला. दादा उठला, स्टूल बाजूला सरकवलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. शेजारचा उठला. मग आबा उठले. दुपारपर्यंत सगळं खातं उभं होतं, आणि दुपारनंतर तोच वायरमन पेटीपुढे उकिडवा बसून वायर परत जोडत होता.

घरी येताना मी दादाला विचारलं, “पत्रक वाचलंस ना?”

“पत्रक? खिशात असेल. अरे, सकाळी गेटवर तो वायरमन भेटला ना, म्हणाला, एका हातानं चालली तर बसू नका. म्हणून उठलो.”

दापोडीपर्यंत मी त्याच्या दहा पावलं पुढे चाललो.

वाढवून मागितलेल्या दराचा निकाल अजून लागलेला नाही. वायर आज जागेवर आहे, उद्याचं कुणी सांगावं? त्या पोराचा हेवा मला अजून वाटतो, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. माणसाला जपण्याचा नियम यंत्रात घालता येतो, हे त्यानं मला पटवलं. मी ते मान्य करतो, दात खाऊन का होईना. पण नियम राहतो पेटीत, आणि आमच्या पेटीची किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला टांगलेली आहे. चाकणच्या बाजूला आज कांद्याची शेतं आहेत. उद्या तिथं कारखाने होतील, मासिकातले ते हातपायवाले यंत्रमानवही येतील. त्यांच्याही पाठीला अशी एखादी पेटी असेलच.

म्हणून हे वाचून नुसती घडी घालू नका. उद्या कामावर गेलात की तुमच्या यंत्राच्या पेटीची किल्ली कुणाकडे असते ते विचारा. ती यंत्रावर बसणाऱ्यांपैकी एकाकडे राहिली पाहिजे, असं सुपरवायझरला सांगा, आणि सांगायला एकटे जाऊ नका.