सातशेचा ड्रायव्हर

नवनगरहून वैजूचा फोन आला तेव्हा मी जुन्या हुबळीतल्या माझ्या दुकानात पंख्याचं वाइंडिंग भरत होतो. "काका, आई गेली," एवढंच बोलली पोरगी. आणि मी विचारलं, "खोलीतले दिवे चालू आहेत ना?" असं कुणी विचारतं का... पण तोंडातून तेच गेलं.

वैजूची आई, कुमुदबाई, नवनगरला राहायच्या, शाळेत विज्ञान शिकवायच्या. मी चौथी शिकलेला वायरमन, वयानं त्यांच्याहून मोठा, म्हणून मी त्यांचा अण्णा. गुडघे गेले आणि बाईंचं गच्चीवरच्या कुंड्यांकडे जाणं थांबलं. त्याच सुमारास आईच्या जुन्या डब्यात त्यांना कृष्णाकाठच्या वांग्याचं बी सापडलं. जुनाट बी, त्यातलं सातच रुजलं. ती रोपं गेली की माहेरचं वाण संपलं. "अण्णा, मी वर जाऊ शकत नाही ना, मग ऊन खाली आणायचं," म्हणाल्या आणि बिनखिडकीची कोठीची खोली दाखवली. मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं.

महिनाभर त्या एलईडीच्या चिप्सचे कागद वाचत बसल्या. बाजारात झाडांसाठी म्हणून जांभळे दिवे मिळतात, ते मी आणले तर परत पाठवले. "त्या उजेडात पान पिवळं पडलं तरी मला कळायचं नाही. पांढऱ्या चिप्स घ्या, मधे थोड्या लाल." अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर तशा चिप्स बसवल्या. मग ड्रायव्हर, म्हणजे चिप्सना वीज मोजून देणारी डबी. मी आयुष्यभर व्होल्ट बघितले. बाई म्हणाल्या, "इथं करंट बघायचा. सातशे मिलिअँपिअर, जास्त नको." पट्टी तापली की तिच्या पाठीवर तळहात ठेवायच्या आणि कन्नडात मोजायच्या, ओंदु, एरडु, मूरु... हत्तु, म्हणजे दहापर्यंत हात टिकला तर चिप्स टिकणार. पहिल्या दिवशी टायमर टक् करून वाजला, खोली उजळली आणि एका बाजूला झुकलेली ती सातही रोपं संध्याकाळपर्यंत सरळ उभी! मी चप्पल बाहेर काढून आत गेलो होतो. का, ते आजही सांगता येत नाही.

मग बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस वैजूकडे धारवाडला राहिल्या. पाणी घालायला मी. म्हटलं, परत येतील तोवर रोपं हातभर करून दाखवू. कोप्पीकर रोडवरून एक हजार पन्नासचा ड्रायव्हर आणला आणि बदलला. काय उजेड पडला म्हणता! बाई आल्या तेव्हा दोन पट्ट्या काळ्या पडल्या होत्या आणि चार रोपांची पानं करपून पापडासारखी झाली होती.

"चिप्सच बोगस निघाल्या," मी म्हणालो.

बाईंनी भिंग माझ्या हातात दिलं. "ड्रायव्हरवरचा आकडा वाचा, अण्णा."

"एक हजार पन्नास."

"मी किती सांगितला होता?"

"मोठा घातला. मोठा कधी वाईट असतो का?"

"अहो, तहान लागली म्हणून कुणाला विहिरीत ढकलतात का?" आणि हसल्या. त्या हसल्या ते मला सोसलं नाही. चाळीस वर्षं वायरिंग केलेला माणूस मी... पिशवी उचलली आणि निघालो. तीन महिने नवनगरची बस धरली नाही.

फोन शेवटी त्यांनीच केला. "करपलेल्यातलं एक फुलावर आलंय. तुमच्याशिवाय कुणाला दाखवू?" गेलो. फूल बघितलं, चहा प्यायलो, पट्ट्या नव्या बसवल्या, ड्रायव्हर पुन्हा सातशेचा लावला. 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द मात्र घशातच राहिले. पुढं म्हणू, म्हणत राहिलो. त्या फळांचं बी बाईंनी धरलं, पुन्हा लावलं, त्यातली अर्धी पुडी मला दिली.

तेराव्यानंतर वैजूनं विचारलं, "काका, खोली बंद करू का?" नको म्हटलं. मागच्या आठवड्यात तिथला ड्रायव्हर गेला. कोप्पीकर रोडचा दुकानदार म्हणतो, "सातशेचा संपलाय, अज्जा. हजाराचा न्या, उजेड जास्त पडेल." त्याला सांगितलं, सातशेच पाहिजे, मागव. दोन दिवस बसून राहीन. खरंच दोन दिवस लागले. तेवढे दिवस वैजूनं आणि मी कुंड्या उचलून उन्हात ठेवल्या, आत आणल्या.

काल तो जोडला. पट्टी तापू दिली. बाईंचं स्टूल ओढलं, तळहात पट्टीच्या पाठीवर ठेवला आणि मोजायला लागलो. ओंदु, एरडु, मूरु... हत्तु झालं तरी हात काढला नाही.