शिव्या गाळून वाचणारे काका

फुकट दिलेल्या गोष्टीवरून कुणी तुम्हालाच शिव्या घातल्या, तर काय कराल?

घाटकोपरचे आमचे शेजारी काका अंधांना पुस्तकं वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर सांभाळतात. मी मदत करते. परवा त्याच्या चर्चेच्या पानावर एकाने सगळ्यांदेखत लिहिलं, "वाचताना आकडे खातंय तुझं भंगार! उद्या माझा गणिताचा पेपर आहे, गाढवा!"

मी पेटून उत्तर लिहिलं. काकांनी ते पुसायला लावलं.

"अगं, शिव्या गाळून वाच ना. काय उरतं? बिचाऱ्याचा उद्या पेपर आहे."

जेवणाचं ताट बाजूला सारून त्यांनी सॉफ्टवेअरमधली चूक त्याच रात्री दुरुस्त केली आणि ती दाखवल्याबद्दल आभारांच्या यादीत त्याचंच नाव घातलं.

तुम्हालाही असा मेसेज आला, तर उत्तराआधी एकदा शिव्या गाळून वाचा.