पदराची गाठ

शेजारच्या सुनंदावहिनींनी साड्या रोल करायचं घरगुती मशीन घेतल्यापासून आमच्या मजल्यावर दुपारी गरम सुताचा वास दरवळतो. काल आईची निळी इरकल घेऊन आम्ही मायलेकी त्यांच्याकडे गेलो. वहिनी अलीकडून साडी तापलेल्या रुळांत सोडत होत्या आणि मी पलीकडे दोन्ही काठ ताणून धरत होते. चुरगळलेली साडी आत जायची आणि तळ्याच्या पाण्यासारखी सपाट होऊन माझ्या हातात यायची. नुसत्या सुरकुत्या जाताना बघण्यातही केवढं सुख असतं!

शेवटी पदर आला आणि वहिनी थांबल्या. "काकू, इथे गाठ आहे. सोडा, नाहीतर अडकेल."

काही लक्षात ठेवायचं असलं की आई पदराला गाठ मारते. ही कशाची, ते मात्र तिला आठवेना.

"दळणाची असेल," मी म्हटलं.

"छे, ते परवाच आणलं."

"मग सिलिंडरची?"

"तोही आला."

आम्ही तिघी हसत सुटलो. मला वाटलं, आपल्या आठवणीवाचूनही कितीतरी कामं पार पडतात, आणि आपण उगाच सगळ्या घराची काळजी पदराला बांधून फिरतो.

गाठ सोडल्यावर पदरही रुळांतून निघाला. आईने तो उबदार पदर गालाला लावला आणि त्याच कोपऱ्याला पुन्हा गाठ मारली.

"अगं आई, आत्ता तर सरळ केला!"

"हो, पण आठवलं कुठे अजून?"