हातात सुया, कानात गोष्ट

मालनकाकू पुस्तकाचं पान विणकामाच्या सुईनं उलटायच्या. समोर पोथी ठेवायचं लाकडी व्यासपीठ, त्यावर उघडं पुस्तक, मांडीवर लोकर. पान संपत आलं की हातातल्या सुईचं टोक अलगद पानाखाली जायचं, पान पलटायचं, आणि तीच सुई पुढचा टाका घ्यायला हजर. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते. राजारामपुरीतल्या त्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. रिकामी वाटी घेऊन मी दारातच थबकले.

“आत या की. दारात काय उभं ऱ्हायलाय?” त्या मान वर न करता म्हणाल्या. “एवढं पान संपवतो आणि विरजण देतो.”

मी न राहवून विचारलं, “सुई टोचत नाही का पानाला?”

“टोचायला मी काय पुस्तकाशी भांडतोय व्हय?”

माझं सांगायचं तर मला एका वेळी एकच काम नीट जमतं, तेही देवाची कृपा असली तर. फोनवर बोलत मेथी निवडली की काड्या भाजीत आणि पानं केरात. म्हणूनही असेल, पण विणणं आणि वाचणं एकाच बैठकीत, दोघांत भांडण लागू न देता चालवणारी ही बाई मला पहिल्या दिवसापासून अचंब्यात टाकत आली.

काकूंची सारी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. ट्रंक कॉलच्या काळातल्या त्या ऑपरेटर. कानाला हेडफोन, दोन्ही हात समोरच्या बोर्डावर, याची वायर काढ, त्याची जोड. कामावर त्या रेडिओवर शोभेल अशी शुद्ध मराठी बोलायच्या आणि घरी आल्या की माहेरच्या नेसरीची, बायकाही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात ती. निवृत्त झाल्यावरही फोन उचलला की आधी तो शुद्ध आवाज यायचा. पलीकडे ओळखीचं कोणी निघालं की लगेच, “व्हय गं, बोल की!”

त्यांच्याकडून स्वेटर विणून हवा असेल तर मजुरीचं नाव काढायचं नाही. लोकर आणून द्यायची आणि सोबत वाचायला एक पुस्तक. मात्र पुस्तक विणीला साजेसं पाहिजे. साध्या सुलट-उलट विणीला कितीही जड ग्रंथ चालायचा. जाळीची किंवा वेणीची वीण असली, की हलकीफुलकी गोष्ट. एकदा बिद्रीहून माझे दीर आले. त्यांना वेणीच्या विणीचा स्वेटर हवा होता आणि बरोबर आणला होता इतिहासाचा उशीएवढा ग्रंथ. काकूंनी तो हातात तोलून पाहिला.

“पावणं, ह्या दोघांचं एका घरात जमायचं न्हाय. एक तर वीण साधी घ्या, न्हायतर दुसरं पुस्तक आणा.”

दीर साखर कारखान्यात साहेब आहेत, सहसा कोणाचं ऐकून घेत नाहीत. ते मुकाट्यानं बाजारात गेले आणि विनोदी गोष्टींचं पुस्तक घेऊन आले.

माझी मात्र फजिती झाली. मुलाच्या स्वेटरसाठी मी त्यांना खुनाची कादंबरी दिली. स्वेटर देखणा झाला, पण उजव्या बाहीत पोराचा हात शिरेना. काकूंनी बाहीवरून बोटं फिरवली आणि एका जागी थांबून म्हणाल्या, “खून झाला तवा मी इथं होतो बघ. टाकं आवळलं गेलं.” मग त्यांनी बाही उसवली. पुन्हा विणताना पुस्तकही तिथूनच पुन्हा वाचलं. खुनी कोण ते ठाऊक झाल्यावर बाही बरोबर बसली.

अशा बाईच्या डोळ्यांवर संकट आलं. समोरच्या माणसाचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा दिसायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग झिजतोय, कडेचं दिसत राहील, वाचायचं मात्र हळूहळू बंद होईल. त्यांची मुलगी सुजाता, शाळेत शिक्षिका आहे आणि आईजवळच राहायची, जिन्यातच रडायला लागली. मीही घाबरले होते. काकू वर आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “म्हंजे डोळं आता जपून खर्चायचं. विणायला डोळं कशाला पायजेत? ते पुस्तकाला ठिवायचं.”

दुसऱ्या दिवशी त्या डोळ्यांवर ओढणी बांधून विणायला बसल्या. हे म्हणायला सोपं. आजवर वाचता वाचता त्यांची नजर अधूनमधून विणीवर जायचीच. टाका सुटायचा, सुटलेला बोटांना सापडायचा नाही, चार ओळींनी लक्षात यायचं. एका सकाळी मी गेले तर सुया खोलीच्या कोपऱ्यात पडल्या होत्या आणि काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी गपचूप सुया उचलून त्यांच्या हातात दिल्या. “मी न्हाय फेकल्या. निसटल्या,” त्या म्हणाल्या. मी बरं म्हटलं. पण पावसाळा सरता सरता त्यांची बोटं अशी तयार झाली, की वीण त्या पाहत नाहीत हे सांगितल्याशिवाय कळू नये.

तोवर वाचायचे डोळेही गेले. सुजातानं त्यांच्या फोनवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिली, कानात इयरफोन घातला. आम्हा दोघींना वाटलं, सुटला प्रश्न. दिवेलागणीच्या आधी सुजातानं कौतुकानं विचारलं, “आई, कसं हाय पुस्तक?”

“लाईन एकदम क्लिअर हाय.”

“अगं, गोष्ट कसली हाय?”

काकूंनी इयरफोन काढून हातात घेतला. त्यांना एक अक्षर सांगता येईना. तेव्हा आमच्या लक्षात आलं की काय झालंय. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नाही, हा त्यांच्या नोकरीचा पहिला नियम. हातात काम आणि कानात परका आवाज आला की आवाज स्वच्छ आहे ना एवढंच पाहायचं, शब्द सोडून द्यायचे. जन्मभर इमानानं पाळलेला तो नियम आता त्यांच्याच मुळावर आला होता. हात रिकामे ठेवले तर गोष्ट कळायची. सुया घेतल्या की कान ऑपरेटरचे व्हायचे.

“एकच कर की मग,” सुजाता काकुळतीला येऊन म्हणाली. “न्हायतर विणणं सोड. ह्या वयात कशाला एवढा ताप?”

“सोडायला ते काय नवरा-बायकू हाईत? दोघं आयुष्यभर माझ्यात नांदल्यात. आता एकाला भाईर काढू?” काकूंचा आवाज पहिल्यांदाच कापला. डोळे जाणार हे कळलं तेव्हाही तो कापला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

तोड त्यांनीच काढली. एक ओळ विणायची, तेवढा वेळ ऐकायचं, ओळ संपली की फोन थांबवून काय ऐकलं ते मोठ्यानं सांगायचं. सांगता आलं नाही तर ओळ उसवायची आणि गोष्टही तेवढी मागं न्यायची. ऐकायला समोर माणूस हवं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. ऑफिसातून आले की मी चहा घेऊन त्यांच्यासमोर बसायची. सुरुवातीला त्या विणण्यापेक्षा उसवायच्याच जास्त. “कोण तरी गाडीत बसला. कोण ते ऱ्हायलं. उसवतो.” लोकरीला लव सुटली, पण बाई हटेना. माझ्यासारखीनं आठवड्यात नाद सोडला असता, हे मी शपथेवर सांगते.

आणि मग कधीतरी उसवणं थांबलं. नेमकं केव्हा ते सांगता येणार नाही. ओळ संपायची, काकू फोन थांबवायच्या आणि अशी गोष्ट सांगायच्या की माझा चहा निवून जायचा. कादंबरीतल्या खानदानी सासूच्या तोंडी नेसरीची भाषा यायची. वकील “मी काय म्हंतो सायेब” म्हणायचा. खालच्या मजल्यावरच्या पाटीलवहिनी यायला लागल्या, मग त्यांच्या जावा, मग समोरच्या इमारतीतल्या दोघीतिघी. सगळ्या आपापली भाजी निवडायला घेऊन बसायच्या. जाळीच्या विणीला जड पुस्तक चालत नाही म्हणणाऱ्या काकू आता बारीक जाळी विणता विणता असलं पुस्तक ऐकत होत्या, की ते डोळे शाबूत असून मला वाचवलं नसतं. मी एकदा त्यांना नियमाची आठवण करून दिली.

“ते डोळं असतानाचं,” त्या म्हणाल्या. “डोळं लई लुडबूड करत्यात बघ.”

माणूस सत्तरीनंतर आपले कान नव्यानं घडवू शकतं, हे कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

गेल्या थंडीत, सुट्टीच्या दिवशी दुपारी, सुजातानं जिन्यातून मला हाक मारली. काकू खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या, मान एका बाजूला कललेली, विणकाम मांडीवर. पाटीलवहिनींनी डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. त्यांच्या तपासणीत इयरफोनची वायर फोनमधून निघाली आणि आवाज खोलीत मोठ्यानं ऐकू यायला लागला. गोष्ट चालूच होती. कोणी म्हातारा भरल्या बाजारात आपली हरवलेली म्हैस शोधत फिरत होता.

पाटीलवहिनी फोन बंद करायला वाकल्या. सुजातानं त्यांचा हात धरला.

“असू दे, वहिनी. मधेच बंद केलेलं तिला आवडायचं न्हाय.”

मग आम्ही सगळे उभे राहून ऐकत राहिलो. डॉक्टरही थांबले. म्हातारा म्हशीच्या नावानं हाका मारत बाजाराच्या पार टोकाला गेला, आणि तिथं एका जनावरानं त्याची हाक ओळखून मान वळवली. प्रकरण संपलं. आवाज क्षणभर थांबला.

सुजाता वाकली आणि आईच्या कानाशी तोंड नेऊन, ऑपरेटरला सांगावं तशा स्पष्ट शब्दांत म्हणाली, “आई, म्हस घावली. आता बंद करू?”

उत्तर येईल अशा अपेक्षेनं ती थोडा वेळ तशीच वाकून राहिली. मग तिनं फोन बंद केला आणि खाली बसून रडली.